आधी पुस्तक मिटा

पालकसभा संपत आली होती. एका मुलीची आई मुद्दाम शेवटपर्यंत थांबली. बाकीचे पालक गेल्यावर पुढे आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, हिची स्मरणशक्तीच कमी आहे हो. रात्री अकरापर्यंत पुस्तक घेऊन बसलेली असते, पण पेपरात काही म्हणजे काही आठवत नाही. मेंदूच्या व्यायामाचा एक कोर्स आहे म्हणे. लावू का?" मुलगी शेजारीच उभी होती. आईचं बोलणं संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

तिच्या हातात विज्ञानाचं पुस्तक होतं. मी ते मागून घेतलं आणि हृदयाचा धडा उघडला. पानावर पिवळा हायलाइटर, त्यावर गुलाबी, समासात बारीक अक्षरांत टिपा. न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती. मी पुस्तक मिटलं, एक कोरा कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "हृदय काढ. रक्त कुठून येतं, कुठे जातं, ते बाणांनी दाखव."

तिने चार कप्पे काढले. वर अलिंदं, खाली निलयं, सगळं बरोबर. उजव्या निलयातून तिने बाण काढला आणि तो सरळ डाव्या अलिंदात नेऊन सोडला. मग पेन्सिल थांबली. "मधे काहीतरी आहे," ती पुटपुटली. आईने तोंड उघडलं, मी हातानेच थांबवलं. अर्धा मिनिट तरी गेला असेल. "फुप्फुसं!" असं म्हणत तिने तो बाण खोडला आणि कागदाच्या कडेला दोन फुप्फुसं काढून तिथून वळवून आणला.

त्या अर्ध्या मिनिटाबद्दल मला लिहायचं आहे. तो अर्धा मिनिट आपण मुलांना देत नाही, आणि मग त्यांची स्मरणशक्ती कमी आहे असं ठरवून मोकळे होतो.

बावीस वर्षं शिकवते आहे. "याच्या लक्षात राहत नाही" हा शिक्का किती मुलांच्या कपाळी बसलेला पाहिला त्याची मोजदाद नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत मीही तो मारला आहे. त्याचं मला आज फार वाईट वाटतं. खरा आजार किंवा डोक्याला झालेली इजा असेल तर ती गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरच हवेत. पण वर्गात मागे पडणाऱ्या बहुतेक मुलांच्या बाबतीत हे निदान चुकीचं असतं. त्यांनी वाचलेलं असतं, पुन्हा वाचलेलं असतं, रंगवलेलं असतं. वाचलेलं आठवून बघायला मात्र त्यांना कुणी बसवलेलं नसतं. आठवण्याची पहिली वेळ थेट परीक्षेच्या दिवशी येते.

या चुकीच्या निदानामागे एक समज आहे. मेंदू हा दंडासारखा आहे, त्याला व्यायाम दिला की स्मरणशक्ती सगळीकडून वाढते, हा तो समज. मेंदूचे खेळ, स्मरणशक्तीची शिबिरं, आकड्यांची कोडी हे सगळं या एका समजावर उभं आहे. आणि तो तपासून पाहण्याचं काम फार पूर्वीच सुरू झालं होतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने स्वतःवरच प्रयोग केला आणि १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो नोंदवला. व्हिक्टर ह्यूगोच्या एका कवितेच्या १५८ ओळी त्याने आठ दिवसांत पाठ केल्या. त्याला सुमारे १३२ मिनिटं लागली. मग अडतीस दिवस रोज थोडा वेळ देऊन त्याने मिल्टनच्या महाकाव्याचा पहिला सर्ग पाठ केला, म्हणजे भरपूर व्यायाम झाला. त्यानंतर ह्यूगोच्याच पुढच्या १५८ ओळी घेतल्या. या वेळी एकशे साडेएक्कावन्न मिनिटं लागली, म्हणजे आधीपेक्षा जास्तच. त्या दिवसांत इतर कामाने आपण थकलेलो होतो हे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे, आणि एका माणसाच्या प्रयोगावर काही सिद्ध होत नाही हेही खरं. पण दंडाचा हिशेब इथे लागू पडत नाही अशी शंका तेव्हाच आली होती.

पुढे नव्वद वर्षांनी ती शंका फार नेमक्या रीतीने पुढे आली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एका साध्या, कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाला आकडे ऐकवायचे आणि त्याने ते त्याच क्रमाने म्हणून दाखवायचे, असा प्रयोग दीड वर्षाहून अधिक काळ चालला. एकूण २३० तासांच्यावर सराव झाला. सुरुवातीला तो सगळ्यांसारखेच सातेक आकडे म्हणायचा. शेवटी ७९ आकड्यांपर्यंत पोचला. १९८० साली हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा वाचणाऱ्याला वाटावं की बघा, स्मरणशक्ती अकरा पटीने वाढली! पण संशोधकांनी पुढची पायरीही गाठली होती. त्यांनी आकड्यांच्या जागी अक्षरं ऐकवली. तो तरुण पुन्हा सहा अक्षरांवर येऊन थांबला.

मग वाढलं काय होतं? तो धावपटू होता. ३-४-९-२ असे आकडे आले की त्याच्या मनात तीन मिनिटं एकोणपन्नास पूर्णांक दोन सेकंद अशी शर्यतीची वेळ उभी राहायची. शर्यतींच्या वेळा त्याच्या ओळखीच्या होत्या, आणि नवे आकडे तो त्या ओळखीच्या खुंट्यांवर टांगत गेला. अक्षरांसाठी त्याच्याकडे खुंट्या नव्हत्या. मला हे उदाहरण इतकं मोलाचं वाटतं की प्रत्येक नव्या शिक्षकाला मी ते सांगते. आधी काय माहीत आहे यावर पुढचं किती टिकेल हे ठरतं.

मेंदूच्या खेळांची मोठी तपासणी २०१० साली झाली. ब्रिटनमध्ये ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर तर्क, स्मृती, लक्ष यांचे खेळ खेळले. खेळात सगळे सुधारले. पण जे खेळ त्यांनी खेळले नव्हते, अगदी त्याच जातीच्या चाचण्या, त्यांत सुधारणा सापडली नाही. आणि २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने ल्युमॉसिटी हे मेंदूचे खेळ विकणाऱ्या कंपनीकडून तडजोडीत २० लाख डॉलर घेतले. या खेळांनी शाळेत आणि कामात प्रगती होते, वयाबरोबर येणारी विस्मृती लांबते, असे दावे पुरेशा पुराव्याशिवाय केल्याचा कमिशनचा आरोप होता. औषधाच्या बाटलीवर काय लिहावं याला नियम असतात. मुलाच्या मेंदूबद्दल आईबापांना काय सांगून पैसे घ्यावेत, यालाही तितकेच कडक नियम सगळीकडे हवेत. विकणाऱ्याने आधी दाखवावं की त्याच्या खेळाने मुलाचा इतिहास किंवा गणित सुधारतं. खेळातली पातळी वाढली हा पुरावा धरू नये.

यावर कुणी म्हणेल, मग सरावाने मेंदू बदलतो हे शास्त्रज्ञच सांगतात ते काय? बदलतो, निश्चित बदलतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहराच्या मध्यातल्या चेरिंग क्रॉस चौकापासून सहा मैलांच्या टापूतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यात तीन-चार वर्षं जातात. मेंदूच्या अभ्यासक एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की अशा चालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी आणि वाटा सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मग जन्मतःच तसा मेंदू असलेले लोक या धंद्यात येतात की काय, म्हणून पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७९ उमेदवारांना तयारीच्या सुरुवातीलाच तपासून ठेवलं. तेव्हा सगळे सारखे होते. त्यातले ३९ पास झाले, आणि बदल फक्त त्या ३९ जणांत दिसला. जे रस्ते सोडून मधेच बाहेर पडले किंवा नापास झाले, त्यांच्यात नाही. यात एक बारकावा आहे, तो क्वचितच सांगितला जातो. एक गुंतागुंतीची आकृती बघून काही वेळाने आठवून काढायची, या चाचणीत हे पास झालेले चालक मागे पडले. मेंदू बदलला तो लंडनच्या रस्त्यांसाठी. सरसकट स्मरणशक्ती नावाची वेगळी वस्तू त्यांच्याजवळ वाढली नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं, की जे शिकायचं आहे त्याचाच सराव करावा, आणि सराव म्हणजे आठवणं. गणित पक्कं करायला गणित आठवावं लागतं, हृदय पक्कं करायला हृदय.

इथे आपली उजळणीची पद्धत आड येते. उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं, असंच आपण धरून चाललो आहोत. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रं वाचला. दुसऱ्या गटाने एक सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि तुम्हाला पुढे किती आठवेल असं आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त भरवसा वाचणाऱ्या गटालाच होता.

पालकांनी या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबावं. परीक्षेच्या आदल्या रात्री मूल जेव्हा म्हणतं "झालं माझं सगळं", तेव्हा ते खोटं बोलत नसतं. पान चौथ्यांदा वाचताना डोळे सरसर पुढे जातात, प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असं मनाला वाटतं. चेहरा ओळखीचा असतो, नाव मात्र आठवत नाही, हा अनुभव प्रत्येकाला आहे. पेपरात नावच विचारतात.

पुस्तक मिटून आठवायला बसलं की नेमकं उलटं वाटतं. काही येत नाही, जीव कासावीस होतो, वेळ वाया गेला असं वाटतं. शिकणं मात्र त्याच वेळात होत असतं. आठवण काढताना मनात साठलेली गोष्ट नुसती वर येत नाही, ती वर येण्याची वाट रुळते. जितके कष्ट घेऊन ती सापडते, तितकी ती पुढच्या वेळी लवकर हाती लागते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्यॉर्क यांनी अशा उपयोगी कष्टांना इष्ट अडचणी म्हटलं आहे. मला हा शब्द आवडतो, कारण अडचण आली म्हणजे मूल ढ आहे, या आपल्या पक्क्या समजुतीला तो धक्का देतो.

दोन उजळण्यांमधलं अंतर ही अशीच एक अडचण. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस याने वर्षानुवर्षं स्वतःच निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या, विसरल्या, पुन्हा पाठ केल्या, आणि पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो ते मोजलं. १८८५ साली त्याने हे आकडे छापले. तासाभरात अर्ध्याहून अधिक बचत नाहीशी होते, दिवसाने सुमारे एक तृतीयांश उरते, महिन्याने साधारण एक पंचमांश. विसरणं सुरुवातीला धबधब्यासारखं आणि मग संथ होत जातं. या आलेखाची भीती घातली जाते, पण मला त्यात दिलासा दिसतो. महिन्यानेही पाटी पूर्ण कोरी होत नाही. आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्याने असं थोडं थोडं आठवून बघितलं, तर एका बैठकीत तीन तास बसण्यापेक्षा कमी वेळात जास्त टिकतं. सगळी सरमिसळ करून शिकण्याचंही तसंच. नेट कॉर्नेल आणि ब्यॉर्क यांनी २००८ मध्ये लोकांना बारा चित्रकारांची चित्रं दाखवली, काहींची एका गठ्ठ्याने, काहींची आलटून पालटून. न पाहिलेलं चित्र कुणाचं हे ओळखायला आलटून पालटून पाहिल्याचा उपयोग जास्त झाला, तरी बहुतेकांनी गठ्ठ्याचीच पद्धत चांगली वाटल्याचं सांगितलं. आपल्या वह्यांत एकाच जातीची वीस गणितं सलग सोडवून घेतात, तेव्हा मला हा प्रयोग आठवतो. विसाव्या गणितापर्यंत मुलाचा हात चालत असतो. कुठली रीत वापरायची हे ठरवायची वेळच त्याच्यावर येत नाही.

स्मरणमहालाची जुनी युक्ती अनेकांना माहीत असेल. ओळखीच्या घरातून मनाने फिरायचं आणि एकेका कोपऱ्यात एकेक गोष्ट ठेवायची. ती चालते. स्मरणस्पर्धेतले लोक तीच वापरतात आणि साध्या माणसांनाही काही आठवड्यांत ती जमते. यादी, क्रम, भाषणाचे मुद्दे यांसाठी खुशाल वापरा. पण रक्त फुप्फुसांत का जातं हे कोपऱ्यात ठेवलेल्या चित्राने कळत नाही, आणि शिकण्यातलं बहुतेक सगळं त्या 'का'मध्ये असतं. झोपेबद्दल एवढंच सांगते की १९२४ सालच्या जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांच्या प्रयोगापासून हे दिसत आलं आहे, की शिकून झोपलेल्याचं शिकून जागं राहिलेल्यापेक्षा कमी विसरतं. रात्री अकरापर्यंत रंगवत बसलेल्या मुलीला आधी झोपू द्यायला हवं होतं.

एक आक्षेप मला वारंवार ऐकावा लागतो, आणि तो शिकलेल्या लोकांकडून येतो. सगळं फोनमध्ये मिळतं, मग पाठ कशाला करायचं? मुलांना विचार करायला शिकवा. घोकंपट्टीचा कंटाळा मलाही आहे. न समजता म्हटलेलं पाठांतर हे शिकणं नव्हे, हे मान्यच. पण विचार कशाचा करणार? माणूस एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरू शकतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात म्हटलं होतं, नंतरच्या संशोधनात तो आकडा चाराच्या आसपास आला. ही जागा कुणाचीही मोठी नसते. बुद्धिबळातल्या उस्तादाचीही नसते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये पाहिलं, की खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला तर उस्ताद त्यातली बरीचशी मोहरी बरोबर जागी मांडतो, आणि तीच प्यादी-मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली तर त्याची आठवण नवख्यासारखीच होते. त्याला सुटी मोहरी दिसत नाहीत, ओळखीच्या रचना दिसतात. एक रचना त्या चारांतली एकच जागा घेते, म्हणून विचाराला जागा उरते. फोनमधली माहिती ही जागा वाचवत नाही, कारण ती मनात नसते. प्रत्येक वेळी ती नव्याने आत घ्यावी लागते.

भरभर शिकणं म्हणतात ते मला इथेच दिसतं. ज्याला आधीचं आठवतं तो पुढचं लवकर शिकतो, मग त्याला आणखी आठवतं. आणि ज्याचं आधीचं निसटलं तो दर इयत्तेत आणखी मागे पडतो. आठवीत हृदयाचे कप्पे निसटले तर पुढे रक्तदाब परका वाटतो. घरात कुणीतरी रोज प्रश्न विचारणारं असलेल्या मुलाला आठवण्याचा सराव आपसूक मिळतो. ज्याच्या घरी तसं कुणी नाही, त्याला तो शाळेनेच द्यायला हवा. माझ्या दृष्टीने हा न्यायाचा प्रश्न आहे. स्मरणशक्तीचा कोर्स विकत घेणं ज्याला परवडतं तो घेईल आणि फसेल. ज्याला परवडत नाही, तो आपल्यात काहीतरी कमी आहे असं मानत मोठा होईल.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं पुस्तकं बंद, कोरा कागद, काल आणि गेल्या महिन्यात काय झालं ते आठवेल तसं लिहायचं. मग पुस्तक उघडून ज्याने त्याने आपलं आपण तपासायचं. गुण नाहीत, सही नाही, घरी दाखवणं नाही. गुण लावले की मुलं पुन्हा शेजारच्या वहीत डोकावतील आणि चुकायला घाबरतील, आणि चुकून मग दुरुस्त करणं हाच तर यातला कामाचा भाग. सहकारी म्हणतात, अभ्यासक्रम कधी पुरा होणार? पुरा होतो तो फळ्यावर, मुलांच्या डोक्यात नाही, हे आपल्याला पहिल्या सहामाहीच्या पेपरांत दरवर्षी दिसतं. पाच मिनिटं देऊन पन्नास मिनिटांचं राखता येत असेल, तर हा व्यवहार तोट्याचा नाही. तपासणीचं ओझंही शिक्षकावर पडत नाही.

पालकांना मी कोर्सऐवजी एवढंच सांगते, की मुलाला "वाचलंस का?" असं विचारू नका. "पुस्तक ठेव, मला सांग," म्हणा. तुम्हाला विषय येत नसला तरी चालेल, उलट बरंच. ज्याला येत नाही त्याला समजावताना मूल जिथे अडखळतं, तिथे त्याला स्वतःलाच कळतं. आणि ते अडखळलं की पुढचा शब्द पुरवू नका. हे सगळ्यांत कठीण आहे. मलाही रोज कठीण जातं.

त्या मुलीच्या आईने कोर्स लावला नाही. तीन आठवड्यांनी मी मधल्या सुट्टीत मुलीला बोलावून पुन्हा कोरा कागद दिला. तिने आधी फुप्फुसं काढली, मग त्यांच्याभोवती हृदय. बाण सगळे बरोबर. उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप मात्र राहिली होती. माझं बोट नकळत त्या जागेकडे गेलं. तिने माझा हात हलकेच बाजूला केला आणि म्हणाली, "थांबा मॅडम, सांगू नका."